मैदान गेले, रस्ता उरला

संपादकांचा फोन आला तो गणपती उठायच्या आधीच. "यंदा तुमच्या सदरात काहीतरी खेळकर येऊ द्या," ते म्हणाले. गेल्या दिवाळीत मी गुडघेदुखीवर लिहिले होते, त्याचा हा परिणाम असावा. मी बरे म्हटले, आणि दिलेला शब्द पाळून यंदा खेळावरच लिहितो आहे. मात्र ज्या मैदानाची ही गोष्ट, ते मैदान आज जागेवर नाही हे आधीच सांगून ठेवतो. नाहीतर मागाहून म्हणाल, फसवले.

२०२४ च्या जूनमध्ये आम्ही उभयता मुलीकडे मँचेस्टरला गेलो. सौ.च्या पिशवीत भाजणी, मेतकूट आणि गोडा मसाला होता. माझ्या पिशवीत एक संमतिपत्र होते. गिरगावातली आमची चाळ पाडून तिथे टॉवर उभारायचा घाट घातला आहे, त्याचे ते संमतिपत्र. बहुतेक बिऱ्हाडांच्या सह्या झाल्या होत्या. माझी राहिली होती. "तिकडे निवांतपणे वाचून काढतो," असे मी सेक्रेटरींना सांगितले होते. सौ. म्हणाली, "वाचायचे काय त्यात? जिन्याला टेकू लावलाय, मोरी गळते, वरच्यांनी बादली ओतली की आपल्या आमटीत थेंब पडतो. करा की सही!" तिचे काही चूक नव्हते. तरी मी सही केली नव्हती.

मँचेस्टर म्हटले की आमच्या पिढीला दोनच गोष्टी आठवतात. एक कापड. १९२१ च्या ३१ जुलैला परळला गांधीजींनी परदेशी कापडाची होळी पेटवली, तीत आमच्या आजोबांचे एक उपरणे गेले, असे घरात सांगत. पुढे १९३० साली काळबादेवीला परदेशी कापडाचा ट्रक अडवताना बाबू गेनू गेला, ती जागा आमच्या चाळीपासून चालत दहा मिनिटांवर. दुसरी गोष्ट क्रिकेटची. १९३६ साली ओल्ड ट्रॅफर्डवर विजय मर्चंट आणि मुश्ताक अली यांनी पहिल्या जोडीला २०३ धावा काढल्या, त्या वडील अशा सांगत की जणू हे पॅव्हेलियनमध्ये पंखा हलवीत बसले होते. वास्तविक तेव्हा ते चिराबाजारात एका पेढीवर उमेदवारी करीत होते.

तेव्हा मी जावईबापूंना म्हटले, मला ओल्ड ट्रॅफर्ड दाखवा. ते म्हणाले, "दाखवतो, बाबा. पण त्याआधी इथून जवळच एक जागा आहे. तिथे पाहण्यासारखे काही नाही, म्हणून पाहू या." हे उत्तर मला आवडले. जावई मूळचे साताऱ्याचे आहेत.

मुलीचे घर विल्मस्लो रोडच्या बाजूला. त्या रस्त्याच्या एका भागाला तिथले लोक 'करी माइल' म्हणतात. दोहो बाजूंना आपल्याकडची, पाकिस्तानची, बांगलादेशाची आणि अलीकडे अरबांचीही खाणावळी दुकाने. मसाल्याचा वास इतका की सौ.ला भाजणी आणल्याचा पश्चात्ताप झाला. तिथून थोडे पश्चिमेला वळलो की मॉस साइड. लाल विटांची, एकमेकांना खेटलेली, एकाच साच्यातून काढल्यासारखी घरे. आणि त्यांत एक रस्ता, मेन रोड.

या नावाची एक गंमत आहे. मेन म्हणजे 'मुख्य' नव्हे. पूर्वी ही गल्ली कुत्र्यांच्या नावाने ओळखली जाई. डॉग केनेल लेन असे तिचे नाव. अमेरिकेतल्या मेन नावाच्या राज्याने १८५१ साली दारूबंदीचा कायदा केला. त्याचे इकडच्या दारूबंदीवाल्यांना फार अप्रूप वाटले आणि त्यांच्या खटपटीने गल्लीचे बारसे पुन्हा झाले. आता योगायोग पाहा. १८८० साली मँचेस्टरच्या गॉर्टन भागात सेंट मार्क्स चर्चच्या मंडळींनी फुटबॉलचा एक संघ काढला. तोच पुढे १८९४ मध्ये 'मँचेस्टर सिटी' झाला. त्यांचे आधीचे मैदान हाइड रोडचे. तिथे खेळाडूंना कपडे बदलायला खोली नव्हती, म्हणून ते शेजारच्या दारूच्या गुत्त्यात कपडे बदलत. १९२० मध्ये तिथली मुख्य प्रेक्षकगॅलरी जळाली, जागा अपुरी पडू लागली, आणि गुत्त्यात वाढलेले हे पोर दारूबंदीच्या रस्त्यावर राहायला आले!

जागा सव्वासोळा एकरांची, विटांच्या भट्टीची. साडेपाच हजार पौंडांना घेतली. तीनशे दिवसांत मैदान उभे राहिले, खर्च एक लाख पौंड. २५ ऑगस्ट १९२३ रोजी पहिला सामना शेफील्ड युनायटेडशी झाला. ५० हजारांहून अधिक लोक आले आणि सिटीने २-१ असा विजय मिळवला. बसायची सोय फक्त एका बाजूला, सुमारे दहा हजारांची. बाकीचे सगळे उभे, मातीच्या उतारावर बांधलेल्या पायऱ्यांवर, बहुतेक उघड्या आकाशाखाली. मँचेस्टरचे आकाश कसे असते ते आठ दिवसांत मला कळून चुकले होते. छत्री मिटेपर्यंत पुन्हा उघडावी लागते.

असा पाऊस असूनही ३ मार्च १९३४ रोजी स्टोक सिटीविरुद्धच्या कपसामन्याला ८४,५६९ माणसे या एका मैदानात मावली. इंग्लंडातल्या कुठल्याही क्लबाच्या स्वतःच्या मैदानावर त्याआधी किंवा त्यानंतर एवढी गर्दी झालेली नाही. आणि हे ज्या वस्तीत, तिथले रस्ते आपल्या फणसवाडीएवढे रुंद.

हे सगळे जावई सांगत होते, आणि मी मैदान शोधत होतो. पुढे नवी, नीटनेटकी घरे, दारात मोटारी, खिडक्यांत पडदे. मध्ये एक हिरवळीचा तुकडा. एका बाकावर एक गोरा म्हातारा बसला होता. डोक्यावर फिकट निळी लोकरी टोपी, जून महिन्यात! आमच्याकडे पाहून म्हणाला, "मध्यबिंदू शोधताय ना? तो बघा." हिरवळीत मैदानाच्या मधोमधची खूण राखून ठेवली आहे. मी तिच्यावर जाऊन उभा राहिलो. काय वाटायला हवे होते कोण जाणे. मला एवढेच वाटले की आपण दुसऱ्याच्या अंगणात उभे आहोत.

म्हातारा बोलका निघाला. वय ऐंशीच्या घरातले, आयुष्य याच वस्तीत गेलेले. तो सांगत होता, जावई मधून मधून अर्थ लावून देत होते, कारण त्याचे इंग्रजी मी शिकलो त्यापैकी नव्हते. सहा वर्षांचा असताना त्याला बापाने प्रथम मैदानात नेले. गर्दीत पोरे चिरडू नयेत म्हणून मोठी माणसे त्यांना डोक्यांवरून हातोहात पुढे सरकवीत, थेट कठड्यापर्यंत. सामना संपला की पोरे तिथेच थांबत आणि बाप येऊन आपापले पोर ओळखून नेत. "एकदा माझ्या बापाने दुसऱ्याचेच पोर उचलले होते," म्हातारा म्हणाला. खरे-खोटे देव जाणे. सामन्याच्या दिवशी लोक मोटारी गल्ल्यांतून लावीत, आणि तिथली पोरे पुढे येऊन 'साहेब, गाडी सांभाळू?' असे विचारीत. पैसे दिले तर गाडी सांभाळली जाई. नाही दिले तर काय होई, हे विचारायचे नसे. मला तर हे चौपाटीवरच्या गणेशविसर्जनाचे वर्णन ऐकल्यासारखे वाटले.

मग त्याने ट्राउटमनचे नाव काढले, आणि टोपी काढून मांडीवर ठेवली.

बर्ट ट्राउटमन जन्मला जर्मनीत, ब्रेमेनला, १९२३ च्या ऑक्टोबरात. म्हणजे मैदान आणि तो एका वर्षाचे. हिटलरच्या राजवटीत वाढला, हवाई छत्रीधारी सैनिक झाला, रशियाच्या आघाडीवर लढला, आयर्न क्रॉस मिळवला. शेवटी इंग्रजांच्या हाती सापडून लँकेशायरमधल्या युद्धकैद्यांच्या छावणीत आला. तिथे फुटबॉल खेळताना गोलरक्षक बनला. सुटका झाल्यावर परत गेला नाही. १९४९ मध्ये सिटीने त्याला घेतले.

युद्ध संपून चारच वर्षे झालेली. मँचेस्टरवर जर्मन बाँब पडलेले. ओल्ड ट्रॅफर्डचे फुटबॉल मैदान १९४१ मध्ये असे उद्ध्वस्त झाले होते की युनायटेड हा सिटीचा हाडवैरी संघ १९४९ पर्यंत मेन रोडवरच भाड्याने खेळत होता. वर्षाला पाच हजार पौंड आणि तिकिटांतला हिस्सा. वैऱ्याला बिऱ्हाडकरू ठेवण्याचा हा प्रकार चाळीत राहिलेल्या माणसाला चटकन समजतो. अशा गावात जर्मन सैनिकाला गोलात उभे करायचे! वीस हजार लोक निषेधाला रस्त्यावर उतरले. क्लबाकडे संतापाच्या पत्रांचा ढीग पडला. तेव्हा दोन माणसे पुढे आली. एक, संघाचा कप्तान एरिक वेस्टवूड. तो स्वतः नॉर्मंडीला लढून आलेला. त्याने सांगितले की आपल्या खोलीत युद्ध नाही. दुसरे मँचेस्टरच्या ज्यू समाजाचे धर्मगुरू, रब्बी आल्टमान. नात्झींमुळे १९३८ मध्ये जर्मनी सोडून आलेले हे गृहस्थ. त्यांनी जाहीर पत्र लिहून बजावले की एका राष्ट्राच्या पापाची शिक्षा एका माणसाला देऊ नये. ज्याला रागावण्याचा सर्वांत मोठा हक्क होता, त्याने तो बजावला नाही. मग बाकीच्यांची तोंडे हळूहळू मिटली.

पुढची हकीकत फुटबॉल न समजणाऱ्यालाही समजेल. ५ मे १९५६, लंडनला वेम्बलीवर कपाचा अंतिम सामना, बर्मिंगहॅम सिटीशी. सतरा मिनिटे उरली असताना ट्राउटमनने धावत्या खेळाडूच्या पायांवर झेप घेतली आणि गुडघ्याचा तडाखा त्याच्या मानेवर बसला. त्या काळी बदली खेळाडू देण्याची सोय नव्हती. तो उठला, मान धरून उभा राहिला, आणि आणखी गोल अडवले. सिटीने सामना ३-१ असा जिंकला. चार दिवसांनी क्ष-किरणांनी फोटो काढला तेव्हा कळले की मान मोडली आहे. पाच मणके सरकलेले, एकाचे दोन तुकडे झालेले. त्या दुखण्यातच, काही आठवड्यांनी, त्याचा पाच वर्षांचा मुलगा मोटारीच्या अपघातात गेला. तरी हा माणूस परत येऊन मेन रोडवर खेळला. १९६४ च्या एप्रिलमध्ये त्याच्या निरोपाच्या सामन्याला तिकिटांचा अधिकृत आकडाच ४७ हजारांवर गेला.

"वीस हजार त्याच्या विरुद्ध निघाले होते," म्हातारा म्हणाला. "त्यांत माझा बापही होता. आणि निरोपाच्या सामन्याला मला घेऊन गेला तोही माझा बापच." यावर तो बराच वेळ काही बोलला नाही. जावयांनीही भाषांतर थांबवले.

नंतरच्या विजयांबद्दल तो भरभर बोलला. १९६८ चे लीग विजेतेपद, १९६७ च्या डिसेंबरातला बर्फातला टॉटनहॅमशी सामना, कॉलिन बेल. गुडघ्याच्या दुखापतीने दोन वर्षे बसलेला बेल १९७७ च्या नाताळच्या दुसऱ्या दिवशी मध्यंतरानंतर मैदानात आला, तेव्हा सामना ०-० होता. संपला तेव्हा सिटीचे चार गोल झाले होते. बेलने त्यांतला एकही केला नाही. तो फक्त आला. (संपादकमहाशय, गुडघ्याचा विषय मी काढलेला नाही.) मग उतरती कळा. १९८८ च्या सुमारास हे लोक रबरी फुगवलेली केळी हातात घेऊन सामन्याला येऊ लागले. का, असे विचारले तर म्हातारा म्हणाला, "संघ वाईट होता. काहीतरी करायला हवे ना!" १९९८ मध्ये संघ घसरत तिसऱ्या श्रेणीत गेला, इतिहासात प्रथमच. तरी त्या वर्षी मेन रोडवर सामन्याला सरासरी २८ हजार माणसे येत होती. जिंकणाऱ्यांच्या मागे सगळेच जातात. यांचे मला कौतुक वाटले.

पण मैदान पडले ते संघ हरला म्हणून नव्हे. १५ एप्रिल १९८९ रोजी शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर चेंगराचेंगरी झाली आणि तीत ९७ माणसांचे प्राण गेले. त्यानंतरच्या टेलर अहवालाने मोठ्या मैदानांतून उभे राहण्याच्या जागा काढून सर्वांना खुर्च्या देण्याचे ठरवले. मेन रोडवरची किपॅक्स नावाची उभ्या प्रेक्षकांची प्रचंड बाजू १९९४ मध्ये पाडली आणि तिथे तीन मजली गॅलरी बांधली. चारी बाजू चार वेळी, चार तऱ्हांनी बांधलेल्या. आमच्या चाळीत प्रत्येकाने गॅलरी आपापल्या अकलेने बंद करून घेतली आहे, तसेच ते दिसत असे म्हणे. ८४ हजारांच्या जागी शेवटी सुमारे ३५ हजारच मावू लागले. आजूबाजूला घरे, वाढायला जागा नाही. तेवढ्यात २००२ च्या राष्ट्रकुल खेळांसाठी शहराच्या पूर्वेला महापालिकेने नवे क्रीडागार बांधले आणि सिटीने तिकडे बिऱ्हाड हलवले.

मेन रोडवर सिटीचा शेवटचा गोल २१ एप्रिल २००३ ला सुंदरलँडविरुद्ध कॅमेरूनच्या मार्क-व्हिव्हियन फोए याने केला. ११ मे रोजी अखेरचा सामना साउदॅम्प्टनशी झाला, आणि सिटी तो ०-१ हरली. घर सोडताना नारळ कुजका निघावा तसे. पण त्याहून वाईट पुढे घडले. २६ जूनला फ्रान्समध्ये लियाँ येथे देशाकडून खेळता खेळता फोए मैदानावर कोसळला आणि गेला. वय अवघे २८. मैदानावर सिटीचा शेवटचा गोल करणारा माणूस मैदानाच्याही आधी गेला. कारण मैदान पाडायला सुरुवात झाली ती त्या वर्षाअखेर. ते काम दहा महिने चालले.

त्याआधी जुलैत सामानाचा लिलाव झाला, त्याचे एक लाख पौंड आले. मी मनात म्हटले, बांधायचा खर्चही तेवढाच होता. अर्थात १९२३ चा पौंड आणि २००३ चा पौंड यांची गाठ घालू नये; आमच्या वडिलांचे चाळीचे भाडे सांगितले तर तुम्ही हसाल. म्हाताऱ्याने त्या लिलावात एक खुर्ची घेतली. ती त्याच्या परसात आहे आणि तिच्यावर कोणी बसत नाही, कारण ती बसायला वाईट आहे. जागेवर ४७४ घरांची योजना झाली, पुढे एक प्राथमिक शाळाही आली. एका गल्लीला ट्राउटमनचे नाव दिले आहे.

क्लबाचे पुढे सोने झाले, अगदी शब्दशः. २००८ मध्ये अबू धाबीच्या धनिकांनी तो घेतला. २०१२ पासून विजेतेपदांची रीघ लागली. २०१९ साली त्याच मालकांनी आपल्या मुंबई सिटी संघाचाही मोठा हिस्सा घेतला होता, तेव्हा नातवाने मला निळी टोपी आणून दिली होती. तिचा अर्थ मला इथे येऊन कळला.

मी म्हाताऱ्याला शेवटी विचारले, "नवे क्रीडागार कसे आहे?"

"उत्तम. कोरडे असते."

"आणि जुने? गळत होते का?"

"गळत? किपॅक्सच्या मुताऱ्यांबद्दल विचारू नका. वाईट होते, फार वाईट होते." मग समोरच्या एका घराकडे त्याने बोट केले. दारात एक बाई कपडे वाळत घालत होती. "तिथे गोल होता. बाप गेला तेव्हा त्याची राख आम्ही गुपचूप तिथे टाकली होती. आता तिथे त्या बाईचे स्वयंपाकघर आहे. चांगली आहे बाई. मी तिला सांगितलेले नाही."

मी काही बोललो नाही. घरी आल्यावर रात्री पिशवीतून संमतिपत्र काढले. सौ. म्हणाली, "आता काय झाले?" मी म्हटले, काही नाही, आणि सही केली. खाली एक ओळ मात्र माझ्या पदरची लिहिली. आमच्या चाळीच्या चौकात, पूर्वेकडच्या भिंतीवर, कोळशाने काढलेले तीन स्टंप आहेत. माझ्या आधीच्या पिढीने काढलेले, आम्ही गिरवलेले, आमच्या मुलांनी गिरवलेले. नव्या इमारतीत ती जागा जिथे येईल तिथे पितळेची एक पट्टी बसवावी, एवढेच.

सभेत ती ओळ वाचली तेव्हा थोडे हसू झाले. आर्किटेक्टने नकाशा पसरून मोजमाप केले. त्या जागी तळमजल्यावर मोटारी येतात आणि नेमका एक खांब येतो, असे तो म्हणाला. खांब दोन फूट सरकवता येतो का ते पाहतो, असेही म्हणाला. सेक्रेटरींनी ते इतिवृत्तात लिहून घेतले आहे. पुढची सभा भाऊबीज झाल्यावर.